सैनिकाच्या पायाखाली लाकूडच

टेबलावर बोटभर उंचीच्या सैनिकांच्या फौजा मांडून लढाया खेळणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. सैनिक चांगला घेतला, मन लावून रंगवला, तर त्याच्या पायाखाली साच्यातून निघालेला प्लास्टिकचा बेसच हवा, असा तो समज. लाकडी बेस म्हणजे हात आखडलेल्या माणसाची तडजोड. लाकूड वाकते, कडा ओबडधोबड दिसतात, पाणी लागले की फुगते, असे नवख्याला बजावले जाते. काही जण त्याहीपुढे जाऊन सांगतात की ज्याला बेसचे पैसे जड वाटतात, त्याने या छंदात पडूच नये. यातल्या पहिल्या आक्षेपांत थोडे तथ्य आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे. शेवटच्या वाक्यात मात्र काडीचेही तथ्य नाही, आणि नव्या माणसाला दारातूनच परत पाठवण्याचे काम तेच वाक्य करते.

मुळात बेस कशासाठी असतो? सैनिक उभा राहावा, त्याला उचलताना बोट रंगाला न लागता कडेला लागावे, आणि त्याने पटावर किती जागा अडवली हे मोजता यावे, यासाठी. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळात अंतर मोजतात ते बेसच्या कडेपासून. वॉरगेम्स रिसर्च ग्रुपच्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या १९९० सालच्या नियमावलीत १५ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी बेसची रुंदी ४० मिलिमीटर ठरवून दिली आहे, २५ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी ६०. खोली पथकाच्या प्रकाराप्रमाणे बदलते. नियमाला हवे असते ते माप, आणि ते लाकडातही तितकेच अचूक मिळते.

आता इतिहास. या खेळाचा आणि लाकडाचा संबंध प्लास्टिकच्या कितीतरी आधीचा आहे. प्रशियाच्या राजापुढे १८१२ साली राइसविट्झ या अधिकाऱ्याने आपला युद्धखेळ मांडला तो खणांच्या लाकडी मेजावर, भूप्रदेशाचे रंगवलेले तुकडे जुळवून. एच. जी. वेल्स यांचे ‘फ्लोअर गेम्स’ १९११ साली आले आणि ‘लिटल वॉर्स’ १९१३ साली. पहिल्या पुस्तकातले सगळे जग लाकडी ठोकळ्यांनी आणि फळ्यांनी उभे राहते. दुसऱ्यात शिशाचे सैनिक पाडायला स्प्रिंगची छोटी तोफ आहे आणि तिच्यातून सुटतो तो इंचभर लांबीचा लाकडी गोळा. आणि ‘वॉरहॅमर’ बनवणाऱ्या ज्या गेम्स वर्कशॉपच्या काळ्या प्लास्टिक बेसला आज प्रमाण मानले जाते, ती कंपनी १९७५ साली लंडनमध्ये सुरू झाली तेव्हा काय बनवत होती? स्टीव्ह जॅक्सन, इयन लिव्हिंगस्टोन आणि जॉन पीक या तीन मित्रांचा धंदा हाताने घडवलेल्या लाकडी पटांचा होता. बॅकगॅमन, मंकाला, गो अशा खेळांचे पट ते विकत. खाच असलेला प्लास्टिकचा बेस त्या घराण्यात आला तो १९८०च्या दशकात, सैनिकाच्या पायाखाली धातूची पट्टी ओतायला सुरुवात झाल्यावर. लाकूड या छंदात उपरे आहे असे म्हणणाऱ्याने आधी ही वंशावळ पाहावी.

याच पट्टीचा मुद्दा करून काही जण म्हणतात की खाचेचा बेस लागणारच. लागत नाही. पक्कडीने पट्टी कापावी, कानशीने तळ सपाट करावा, टाचेत बारीक भोक पाडून तार बसवावी आणि लाकडात त्याच जाडीच्या भोकात ती रोवावी. ही पकड चांगली मजबूत असते. पाच मिनिटांचे काम आहे.

खरा आक्षेप वाकण्याचा. तो खोटा नाही, पण त्याचे कारण समजून घेतले की त्यातली भीती उरत नाही. बेसच्या वरच्या बाजूला फेविकॉलसारखा पांढरा गोंद पसरतात आणि त्यावर वाळू भुरभुरवतात. या गोंदात पाणी असते. वरचे तंतू ते पाणी पितात आणि फुगतात. खालचे कोरडेच राहतात. मग गोंद वाळतो, आक्रसतो आणि वरचा थर आपल्याकडे ओढून घेतो. कडा वर उचलल्या जातात आणि बेस उथळ बशीसारखा होतो. म्हणजे दोष एकाच बाजूला पाणी लागण्याचा आहे. कामाला लागण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडांना प्रायमरचा किंवा वॉर्निशचा पातळ हात दिला, की लाकूड पाणी पीतच नाही. हे विसरले असेल तर वाळू लावताना खालची बाजूही ओल्या ब्रशने पुसून घ्यावी, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी बसते. आणि वाळत असताना कडांवर वजन ठेवावे.

जाडीचे गणितही लक्षात घेण्यासारखे आहे. सपाट पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटरचा तक्ता घेतला तर जाडी दीडपट होते, ताठपणा मात्र सुमारे ३.४ पट. म्हणून २५ मिलिमीटरच्या चकतीला २ मिलिमीटर पुरतात; ती इतकी लहान असते की वाकली तरी डोळ्यांना जाणवत नाही. ६० बाय १२० मिलिमीटरच्या, घोडदळाची अख्खी रांग वाहणाऱ्या बेसला ३ हवेत. घर, टेकडी, झाडी यांच्या बेसला ४ ते ६. हातात येईल त्या पातळ तक्त्यावर टेकडी चिकटवायची आणि ती वाकली म्हणून लाकडाला नावे ठेवायची, हा न्याय नव्हे.

लाकूड म्हणजे एकच वस्तू नव्हे, हेही टीकाकार विसरतात. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले असतात आणि त्यांची संख्या विषम ठेवतात. एका पापुद्र्याची फुगण्याची ओढ दुसरा रोखून धरतो. एमडीएफ हा लाकडाच्या बारीक तंतूंचा राळेत दाबलेला तक्ता. त्याला रेषाच नसल्यामुळे तो सगळीकडे सारखा कापला जातो, गुळगुळीत असतो आणि लेझरखाली सुरेख चालतो. पाणी मात्र त्याचा शत्रू. कडेतून ओल शिरली की तो फुगतो आणि पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. त्यामुळे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात एमडीएफच्या कडा उघड्या ठेवू नयेत. तिथे प्लायवूड बरे. एमडीएफ हाताने कापताना किंवा घासताना तोंडाला मास्क हवाच. त्याची धूळ अतिशय बारीक असते आणि त्यातल्या राळेत बहुधा फॉर्माल्डिहाइड असते. स्वस्त वस्तूची बाजू मांडताना ही गोष्ट लपवणे बरोबर नाही.

दिसायला सुंदर पण बेससाठी टाळावा असाही एक प्रकार आहे. तो म्हणजे झाडाच्या फांदीचे सालीसकट कापलेले गोल काप. हस्तकलेच्या दुकानांत ते सर्रास दिसतात आणि नवखे मोहात पडतात. लाकूड सुकताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढे आक्रसते, तेवढे गाभ्याकडून सालीच्या दिशेने आक्रसत नाही. पहिले आक्रसणे साधारण दुसऱ्याच्या दुप्पट. त्यामुळे पूर्ण गोल कापाला कडेपासून मध्यापर्यंत चीर पडते. कपाटात ठेवायच्या एकट्या सेनापतीला तो शोभतो. खेळातल्या फौजेला नाही.

आता पैशाचा प्रश्न. तो हलका समजणाऱ्यांनी मापे कशी बदलत गेली ते पाहावे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ साली आला आणि त्यातले स्पेस मरीन नावाचे सैनिक वर्षानुवर्षे २५ मिलिमीटरच्या गोल बेसवर उभे राहिले. पुढे २०१५च्या सुमारास ते माप ३२ झाले. त्याच वर्षी ‘वॉरहॅमर’ हा वेगळा, जुना खेळ बंद होऊन ‘एज ऑफ सिग्मार’ आला आणि चौकोनी बेसची जागा गोल बेसने घेतली. मग जानेवारी २०२४मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ आला आणि चौकोन परतले, पण मोठे होऊन. माणसांच्या पायदळाचा बेस पूर्वी २० मिलिमीटरचा होता, तो आता २५चा. पाच जणांची एक अशा चार रांगांत उभ्या वीस भालाईतांची आघाडी १०० मिलिमीटरवरून १२५वर गेली. ज्याने दहा-वीस वर्षे खपून दोनशे सैनिक रंगवले होते, त्याच्यासमोर दोन वाटा उरल्या. एक तर सगळे उपटून नव्या प्लास्टिकवर बसवायचे, आणि त्यात घोट्याशी सैनिक मोडायचे. नाहीतर लाकडाकडे वळायचे. एमडीएफमध्ये खाचा पाडलेला ट्रे मिळतो. त्यात जुना २० मिलिमीटरचा बेस जसाच्या तसा बसतो आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेमुळे आघाडी आपोआप १२५ मिलिमीटर भरते. रंग शाबूत, बेस शाबूत. असंख्य जुन्या फौजा पुन्हा मैदानात आल्या त्या या ट्रेवर. ज्या लाकडाला तडजोड म्हणून हिणवले, त्यानेच जुन्या खेळाडूंची वर्षांची मेहनत वाचवली.

ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांचा हिशोब आणखी बोलका आहे. असईची लढाई घेऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या जमिनीवर आर्थर वेल्स्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा भिडल्या. ब्रिटनमधले युद्धखेळाडू ही लढाई आवडीने पुन्हा पुन्हा मांडतात. कारण हाच वेल्स्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि समोर शंभराहून अधिक तोफा होत्या. शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या हाताखालच्या कवायती कंपूंची संख्या सुमारे १०,८०० धरली जाते. एका सैनिकाला वीस माणसांच्या जागी मानले तर टेबलावर ५४० सैनिक लागतात. २८ मिलिमीटरचे चार सैनिक ४० बाय ४०च्या एका बेसवर, म्हणजे १३५ बेस. यात घोडदळ नाही, तोफा नाहीत, आणि वेल्स्लीची फौज तर अजून आलेलीच नाही. धातूत ओतलेले बहुतेक ऐतिहासिक सैनिक बेसशिवाय विकले जातात, तेव्हा हे १३५ बेस वेगळे जमवावेच लागतात.

ए-फोर आकाराच्या २ मिलिमीटर एमडीएफच्या एका तक्त्यातून लेझरने ४० मिलिमीटरचे चौकोन कापले तर आडवे सात, उभे पाच, असे ३५ निघतात. चार तक्त्यांत १४०. पोलमनचे सगळे पायदळ उभे राहून पाच बेस उरतात, आणि त्या सगळ्या बेसचे वजन जेमतेम ३३० ग्रॅमच्या आसपास भरते. आठ बाय चार फुटांचा अख्खा तक्ता घेतला आणि प्रत्येक कापामागे २ मिलिमीटर करवतीला दिले, तरी त्यातून असे १,६८२ चौकोन निघतात. एका क्लबला कित्येक वर्षे पुरतील. पाकिटातले मोजके बेस विकत घेऊन हा आकडा गाठू पाहणाऱ्याने एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

हे लाकूड मिळवायला लांब जावे लागत नाही. स्कॉटलंडमधली वॉरबेसेस ही कंपनी याच कामावर उभी आहे. २ आणि ३ मिलिमीटरच्या एमडीएफचे हवे त्या मापाचे बेस ती कापून देते. अमेरिकेत हस्तकलेच्या दुकानांत लाकडी चकत्या पिशवीने मिळतात. तिथले ‘वूडन निकेल’ म्हणून ओळखले जाणारे दीड इंची लाकडी नाणे ३८ मिलिमीटर भरते आणि मोठ्या राक्षसाच्या पायाखाली चपखल बसते. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने तर बाहेरून काही मागवूच नये. दिवाळीआधी बाजारात रांगोळीसाठी आणि पणत्या मांडण्यासाठी एमडीएफचे गोल, चौकोन, कमळे यांचे ढीग लागलेले असतात. नावाच्या पाट्या आणि स्मृतिचिन्हे बनवणारी लेझर कटिंगची दुकाने बहुतेक शहरांत आहेत. मापांचे चित्र संगणकावर काढून न्यावे, चौकोन एकमेकांना चिकटून मांडावेत म्हणजे एका कापात दोन कडा होतात आणि लेझरची मिनिटे वाचतात. मोठ्या कामातून उरलेले कटपीस आहेत का, हे दुकानदाराला जरूर विचारावे. लेझर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढे लाकूड जाळतो. तेवढी तूट कोणत्याही सामन्यात कुणाला दिसणार नाही. जळकी काळी कड पॉलिश पेपरने एकदा पुसली की रंग नीट धरतो.

६ आणि १० मिलिमीटरच्या अगदी लहान सैनिकांसाठी तर आइसक्रीमची काडी पुरते. तिची रुंदी साधारण १० मिलिमीटर आणि जाडी २. दोन्हीकडचे गोल शेंडे छाटले की ४० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या मिळतात, आणि एकेका पट्टीवर पायदळाची एक रांग.

दिसण्याबद्दलचा आक्षेप पटकन निकालात निघतो. प्लास्टिकच्या बेसची कड उतरती असते, लाकडाची सरळ. वर वाळू, गवत आणि रंग चढल्यावर तीन फुटांवरून हा फरक ओळखणे कठीण, आणि खेळताना सगळे तीन फुटांवरच उभे असतात. फौज एकसारखी दिसण्याचा प्रश्न असेल तर तो सगळे बेस एकाच जाडीचे ठेवून सुटतो. भूप्रदेशाच्या मोठ्या बेसची कड मात्र तिरपी घासावी, कारण तिथे सैनिकाला चढून उभे राहायचे असते. सैनिक हलका पडून कलंडतो म्हणणाऱ्याने बेसखाली पत्र्याचा तुकडा चिकटवावा. डब्याच्या तळाला चुंबकाची पट्टी लावली की प्रवासातही फौज जागची हलत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. आज गेम्स वर्कशॉपचा नवा प्लास्टिक संच घेतला तर त्यात बेस असतोच. तो फेकून लाकडी घ्यावा असे सांगणे मूर्खपणाचे होईल, आणि लाकडाची बाजू घेणारे शहाणे लोक तसे सांगतही नाहीत. प्रश्न जुन्या बाजारातून आलेल्या, बेस हरवलेल्या फौजांचा आहे, धातूच्या ऐतिहासिक सैनिकांचा आहे, मापे बदलल्यावर अडकलेल्यांचा आहे, आणि घरे, झाडी, टेकड्या यांचा आहे. यांतल्या कशालाही कंपनीच्या पाकिटात उत्तर नाही.

थ्री-डी प्रिंटरने हा वाद संपवला, असेही हल्ली म्हटले जाते. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याने खुशाल छापावे. पण पातळ सपाट तुकडा छापताना कोपरे उचलले जाण्याची तक्रार त्या यंत्रांचीही आहे, राळेचा तुकडा पातळ असला की ठिसूळ असतो, आणि १३५ चौकोन छापायला लागणारा वेळ लेझरच्या काही मिनिटांशी स्पर्धा करू शकत नाही. सैनिक छापायला प्रिंटर उत्तम. चौकोन कापायला तक्ता आणि लेझर.

शेवटी राहतो तो सर्वांत दुखावणारा आक्षेप, ऐपतीचा. ब्रिटनमधले खेळाडू दोन पेन्सचे नाणे सैनिकाच्या पायाखाली लावत आले. त्याचा व्यास २५.९ मिलिमीटर आहे आणि १९९२पासून ते पोलादी असल्यामुळे त्याला चुंबकही धरते. हा कंजूसपणा नव्हता. हाताशी असलेल्या वस्तूतून फौज उभी करण्याची ती कला होती. महाराष्ट्रातल्या मुलांना हे वेगळे सांगावे लागत नाही. दिवाळीत विटा, पोती आणि चिखल यांतून किल्ला उभा राहतो, अळीव पेरून त्यावर हिरवळ येते आणि मातीचे मावळे बुरुजावर चढतात. त्या किल्ल्यापाशी येऊन कुणी सामानाची पावती मागत नाही. युद्धखेळाच्या टेबलापाशीही ती मागितली जाऊ नये. बेसवर वाचलेला पैसा पुढच्या पलटणीत जातो, चांगल्या ब्रशमध्ये जातो, समोर बसायला येणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या पहिल्या फौजेत जातो. खेळायला दोघे लागतात, आणि दुसरा माणूस खर्चाला घाबरून आलाच नाही, तर सुंदर बेसवरची फौज कपाटातच राहते.

म्हणून क्लब चालवणाऱ्यांना आणि सामने भरवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. नवा खेळाडू आला की त्याच्या सैनिकाखाली काय आहे हे उलटून पाहू नये. पट्टी लावावी, आणि ४० मिलिमीटर भरले की त्याला पटावर जागा द्यावी.